शेगडीजवळची खाट

बाळंतपणाआधी पंधरा दिवस दवाखान्याशेजारच्या घरात येऊन राहायचं, खाट फुकट, जेवण फुकट. हे पटवता पटवता नर्स यांजमाच्या तोंडाला फेस आला होता. झोल्झायाची दोन बाळं माळावरच्या तंबूतच जन्मून दगावली होती, तरी तिची सासू विचारायची, "मग मेंढ्या कोण बघणार, तू?" आज कुठे ती सुनेला सोडायला तयार झाली.

तिला घेऊन परतताना खिंडीत भर दुपारी हिमवादळाने गाठलं. पुढचं दिसेना, तशी ड्रायव्हर गोंगोरने दवाखान्याची गाडी थांबवली. यांजमाने लाकडी नळी झोल्झायाच्या पोटावर टेकवून कान लावला. टक-टक-टक. बाळ खुशाल होतं.

तेवढ्यात पत्र्यावर थाप पडली.

"ताई... मलापण घ्या ना..."

"उघडू नकोस, पोरी," गोंगोर कुजबुजला. "गेल्या हिवाळ्यात इथंच एक पोटुशी... गाडीची वाट बघत गेली."

"आणि खरीच कुणी असली तर, दादा?"

यांजमाने दार सरकवलं. बाहेर कुणी नव्हतं. आत नुसता बर्फ आला आणि ओल्या मेंढीच्या कातड्याचा वास. मागची रिकामी सीट करकरली.

यांजमाने पुन्हा नळी लावली. काहीच ऐकू येईना. तिने जागा बदलली, श्वास रोखला. काहीच नाही.

"ताई, बोला ना काहीतरी..." झोल्झाया रडकुंडीला आली.

"नाव ठेव! फसवं नाव!" गोंगोर ओरडला.

बाळाला न्यायला आलेल्याला चकवायची ही जुनी रीत. यांजमा मोठ्यानं म्हणाली, "याचं नाव एनेबिश! 'हे नव्हे'! ऐकलंस? हे तुझं नव्हे!"

नळी मुकीच. यांजमा मागच्या सीटकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुझ्यासाठीही खाट ठेवते. शेगडीजवळची. माझा शब्द."

टक... टक-टक.

एनेबिश चांगला गुबगुबीत जन्मला. सासू दुधाचा कॅन घेऊन आली नि म्हणाली, "नाक बापाचं घेतलंस मेल्या, अक्कल तरी त्याची घेऊ नको!" यांजमा कितीतरी दिवसांनी पोटभर हसली.

शेगडीजवळची खाट तिने रिकामीच ठेवली होती. पण आठवड्याभरात आणखी एक गरोदर बाई आली आणि दुसरी खाट उरली नव्हती. जितीजागती बाई जमिनीवर कशी झोपवायची? यांजमाने नाइलाजाने त्या खाटेवरची चादर ओढून काढली. गादी चिंब ओली होती. तोच वास.

का कोण जाणे, तिने नळी गादीवर टेकवली आणि कान लावला.

टक-टक-टक-टक.

दुसऱ्या कानाशी गार श्वास लागला.

"ताई... कळा सुरू झाल्या..."