पावसाळ्यात काकवीचा वास

ही गोष्ट २०४४ सालच्या श्रावणातली. पंचगंगेच्या काठी तेव्हा अजून गुऱ्हाळं होती. थंडीत उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळू लागला की अख्ख्या गावाला काकवीचा गोड वास यायचा. चौगुल्यांच्या घराच्या तर भिंतींतही तो मुरला होता. रस हुंगून काहील कधी उतरवायची ते सांगणाऱ्या माणसाला पूर्वी गुळव्या म्हणत. चौगुल्यांकडे ते काम एक यंत्रमानव करायचा, म्हणून त्यालाही सगळे गुळव्याच म्हणत.

त्या श्रावणात चौगुल्यांकडे बाळ जन्मलं. पहिले काही दिवस आनंदात गेले. मग ते दूध ओढेनासं झालं, त्याचं रडणंही क्षीण झालं. जन्मल्यावर नेहमीच्या तपासणीसाठी टाचेतून घेतलेला रक्ताचा नमुना पुरामुळे वाटेतच अडकला होता.

"अशक्त झालंय गं," असं म्हणत आजी त्याला आईचं दूध चमच्याने पाजू लागली.

बाळाची बहीण शर्वाणी बारा वर्षांची. लंगोट धुवायला नेताना ती थबकली.

"आजी, याला काकवीचा वास येतोय."

"आपल्या घरात कशाला येत नाही? तुझ्या दप्तरालासुद्धा येतो."

"पण गुऱ्हाळ कधीचं बंद आहे. हा वास ताजा आहे."

कुणी लक्ष दिलं नाही. शर्वाणी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने गुऱ्हाळातल्या गुळव्यावरची ताडपत्री काढली, त्याला सुरू करून सोप्यात आणलं आणि लंगोट त्याच्या नाकापुढे धरला.

"काकवी तयार. काहील उतरवा," गुळव्या म्हणाला.

दमलेली आईसुद्धा हसली. हसल्या नाहीत त्या फक्त विमलआजी. या आजोबांच्या धाकट्या बहीण. जीवरसायनशास्त्रात (सजीवांच्या शरीरात घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या शास्त्रात) त्यांनी पुण्यात उभं आयुष्य घालवलं होतं. बाळाला बघायला म्हणून त्या आल्या होत्या. त्यांनी लंगोट स्वतः हुंगला, कोल्हापूरच्या डॉक्टरांशी बोलून उडती रुग्णवाहिका मागवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर सांगतायत, बाळाला आता दूध नको. थेंबभरही नको."

आजीचा चमचा हवेतच राहिला. "वन्सं, पुण्यात काचेची भांडी विसळून तुमचं काळीजही काचेचं झालं का? भुकेल्या पोराचं दूध तोडायचं?"

"वहिनी, रुग्णवाहिका येईपर्यंत माझं ऐका. मग चमचा पुढे करायचा की नाही ते तुम्हीच ठरवा."

त्या जमिनीवर बसल्या आणि सांगू लागल्या. दुधात प्रथिनं असतात. पोटात त्यांची अमिनो आम्लं (प्रथिनांच्या माळेतले सुटे मणी) होतात. शरीर हवे तेवढे मणी वापरतं आणि उरलेले मोडून टाकतं. ते मोडायला एन्झाइम (शरीरातल्या क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन) लागतं.

"आणि प्रत्येक कामाला एन्झाइम वेगळं. आपल्या चरकात ऊस गाळतात. त्यात ज्वारी दळता येईल का?"

"चरक आणि आजोबा, दोघंही बिघडतील," शर्वाणी म्हणाली.

"बाळाचा असाच एक चरक जन्मापासून बंद आहे. ल्युसिन आणि त्याची दोन भावंडं, हे तीन मणी त्याला मोडताच येत नाहीत. चरक बंद आणि उसाच्या ट्रॉल्या येतच राहिल्या तर?"

"रस्ता तुंबतो. मागे शाळेची बससुद्धा आत आली नव्हती."

"तो रस्ता म्हणजे बाळाचं रक्त. रक्तातून मेंदूत शिरायचे दरवाजे मोजके. ल्युसिनची गर्दी ते अडवते आणि मेंदूला हवे असलेले बाकीचे मणी बाहेरच राहतात. शिवाय ल्युसिनचा अर्धवट मोडलेला माल आत घुसतो आणि मेंदूला ऊर्जा पुरवणाऱ्या धडधाकट एन्झाइमांच्या कामात खोडा घालतो. म्हणून बाळ झोपाळलंय. वास येतो तो या तुंबलेल्या मालाचा. काकवीच्या वासातही तेच द्रव्य असतं. गुळव्या खोटं बोलला नाही."

आजी चमच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी ट्रॉल्याच पाठवत होते."

"तुम्हाला कसं कळणार, वहिनी? मलासुद्धा कुठे कळलं होतं?"

आजीने दुधाची वाटी शर्वाणीच्या हातात दिली. "आत ठेव जा."

"माझ्यामुळे झालं का हे?" आईने हळूच विचारलं.

"एन्झाइम बनवायची कृती आई-वडील दोघांकडून येते. याला दोन्हीकडची चुकलेली मिळाली. दोष कुणाचाच नाही."

रुग्णवाहिका शाळेच्या मैदानात उतरली. कोल्हापुरात डॉक्टरांनी बाळाचं रक्त यंत्राने साफ केलं, शिरेतून साखरेचं पाणी दिलं, मग ते तीन मणी वगळून बनवलेलं दूध पाजलं. रस्ता हळूहळू मोकळा झाला. एका सकाळी बाळाने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. आई त्याला उचलू लागली, तर आजी म्हणाली, "थांब गं, जरा रडू दे. छान रडतोय."

बाळाचं नाव सुजय ठेवलं. डाळींतही तेच मणी असतात, म्हणून आजी त्या वगळून, मोजूनमापून त्याचा वेगळा स्वयंपाक करायला शिकली आणि शेवटपर्यंत तो दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. विमलआजी नव्वदी ओलांडून गेल्या. गुळव्याच्या नाकाची नक्कल पुढे कितीतरी बाळंतिणींच्या दवाखान्यांत बसली. शर्वाणी विमलआजींच्याच प्रयोगशाळेत शिकली आणि चुकलेली कृती यकृतात दुरुस्त करणाऱ्या गटात काम करू लागली. तो उपचार घेतलेल्या पहिल्या माणसांत सुजय होता. तेव्हा तो गणिताचा मास्तर झाला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आईने त्याला जन्मातली पहिली वाटीभर तुरीची आमटी वाढली. त्याने चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मात्र त्याने वाटी आपणहून पुढे केली.