शेवंतीचं घुंगरू

“फाळका उघडायचा नाही, पप्पा! शेवंती सापडल्याशिवाय एक कांदा चाळीत जाणार नाही!”

सायली कांद्याच्या ट्रॉलीच्या मागच्या झडपेला, फाळक्याला, पाठ लावून उभी होती. शेवंती म्हणजे तिची पिवळी मांजर. कालपासून बेपत्ता!

“लय झालं हं!” तिचे पप्पा, कारभारीकाका, वैतागले. “गेली आसंल हायवेकडं. नायतर शेजारच्या सावळीरामच्या कुत्र्यानं धरली आसंल.”

“त्यानंच!” सायलीचा भाऊ रुद्र दातओठ खात म्हणाला. “हो ना रे, हर्षल?”

नाशिकहून सुट्टीला पिंपळगावात काकांकडे आलेल्या हर्षलनं कशीबशी मान डोलावली आणि खिशातली मूठ आणखी आवळली.

मुठीत शेवंतीचं घुंगरू होतं. काल त्यानंच ते सोडून घेतलं होतं. घुंगरू वाजलं की उंदीर पळतो, मग शिकारीचा व्हिडिओ कसा मिळणार? उंदीर निघाला, शेवंती झेपावली, हर्षल मोबाईलमध्येच बघत राहिला. मान वर केली तोवर दोघंही गुल! कुत्रा तिथं नव्हताच. पण सांगायचं कोणत्या तोंडानं?

सायली गुणगुणत होती. आईच्या ओवीत तिनं मांजरीलाच बसवलं होतं:

शेवंती माझी बाई, गेली कोण्या वाटं,
दुधाच्या वाटीवर साय धरली दाट...

हर्षलला मान वर करवेना.

“अरे, हे बघा!” रुद्र कांदे साठवायच्या चाळीपाशी ओणवा झाला. कडेला टाकलेल्या चुन्याच्या भुकटीत मांजरीची पावलं उमटली होती. आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही! “पप्पा, काल फळ्या ठोकताना आत पाहिलं होतं?”

“त्यात काय बघायचं? खण मोकळाच हाय.”

सायलीनं हाकांवर हाका मारल्या. आतून हूं की चूं नाही.

“ऐकलं? व्हा बाजूला. भरा रे!”

फळ्यांवरून आत ओतायला मजुरांनी कांद्याच्या पाट्या उचलल्या. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, हे हर्षलला ठाऊक होतं. आणि दूध देण्याआधी सायली रोज शेवंतीच्या गळ्यातलं घुंगरू हलवायची, हेही. पण वाजवायचं तर आधी ते खिशातून काढायला हवं. सगळ्यांदेखत!

“थांबा!” त्यानं मूठ उघडली.

“हे तुझ्याकडे?” सायलीचा आवाज चिरकला.

“मीच काढलं. व्हिडिओसाठी. कुत्र्यानं काही केलं नाही.”

फळीला तोंड लावून त्यानं घुंगरू हलवलं. छुन्... छुन्...

आतून सुकल्या गळ्याचं उत्तर आलं, “म्यॅव!”

काकांनी स्वतः पहार घेतली. फळ्या उचकटल्या, आणि आत विसरलेल्या गोणपाटांच्या ढिगातून धुळीनं माखलेली शेवंती बाहेर आली.

“शाब्बास, पोरांनो!” म्हणता म्हणता काकांचाच आवाज उतरला. “मी नुसतं डोकावलो आसतो तरी...”

“मला नको शाब्बास, काका,” हर्षल पुटपुटला.

सायलीनं त्याच्या हातातलं घुंगरू काढून घेतलं आणि दुधाची वाटी आणली. शेवंतीनं वाटी चाटून पुसून लख्ख केल्यावर तिनं घुंगरू त्याच्यापुढे धरलं. “तूच बांध! आणि त्या कुत्र्याला भाकरी नेऊन द्यायची, तीही तूच!”

हर्षलनं घट्ट गाठ मारली, घुंगरू एकदा वाजवून पाहिलं आणि सावळीरामच्या कुत्र्यासाठी भाकरी आणायला निघाला.