तिसऱ्या बेलची बाई

हिमायतनगरच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात शनिवारी दुपारी इतकी गर्दी असते, की आपला कागद कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला हे फक्त मशीनलाच ठाऊक. त्या दिवशी मशीनचाही घोळ झाला. दुकानदाराने माझ्या हातात एक गठ्ठा कोंबला, मी वरचं पान पाहिलं आणि जागच्या जागी थबकले.

‘सावधान! पोपटी साडी, हातात किटली. ही बाई तिसरी बेल वाजवते. दार उघडू नये. उघडल्यास घरातल्या माणसांचा आवाज कायमचा जातो. – सोसायटी कमिटी, चिक्कडपल्ली.’

गंमत अशी, की ही बाई माझी होती. चार महिन्यांपूर्वी गौलीगुड्याच्या आमच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत बसून मीच तिला जन्माला घातलं होतं.

मी त्रिवेणी. पोटासाठी मुलांच्या पुस्तकांत हत्ती आणि फुगे काढते, आणि हौसेसाठी ‘सगळेच म्हणतात’ नावाचं भुताचं कॉमिक. त्यातली भुतं स्मशानातून येत नाहीत, अफवेतून येतात. एकाने मानलं तर भुताची नुसती सावली पडते. दहा जणांनी मानलं तर त्याला पाय फुटतात. अख्खी गल्ली मानायला लागली, की ते दारात येऊन बसतं. अंकावर माझं नाव नसतं, कोपऱ्यात फक्त एक छोटासा ‘त्रि’. पानं फोनवर फिरतात, शंभरेक प्रती मी छापून वाटते. कुणीतरी त्यातलंच एक पान कापून, कॉमिकचं नाव उडवून, ‘आमच्या साडूच्या बिल्डिंगमध्ये खरंच घडलं’ म्हणून पुढे ढकललं असणार.

खरं सांगू? पहिल्यांदा मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. छाती फुगली माझी.

“एक्स्क्यूज मी... ते माझं आहे.”

मी वळले. मागे एक मुलगा उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. आणि हातात – माझ्या कॉमिकची ताजी प्रत.

“आणि ते माझं,” मी म्हटलं. “द्या इकडं.”

“थांबा ना जरा. पान सातवर आलोय.”

“फुकट वाचताय?”

“भीती वाटली की लगेच परत करतो.”

“अजून नाही वाटली?”

“तुम्ही समोर उभ्या आहात... लक्षच लागत नाहीये.”

“हे असं अनोळखी मुलीशी बोलणं चालतं का हो पुण्यात?”

तो चकित झाला. “मी पुण्याचा, हे कसं ओळखलंत?”

“माफी मागतानाही भांडणाचा सूर लागतो, तो तिथलाच.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होतात, हे मला तेव्हाच दिसलं. मी उगीचच ओढणी सारखी केली. त्याने पान उलटलं... आणि त्याचं हसू गेलं.

“ही तर चतुराबाई,” तो म्हणाला.

“कोण चतुराबाई?”

“आमच्या बिल्डिंगमध्ये दर रविवारी ताक घेऊन येतात. हनुवटीवर ही तीन गोंदणं... अगदी हेच डोळे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “हे तुम्ही काढलंय?”

माझ्या कामाची रीत अशी, की चेहरे मी रस्त्यावरून उचलते. बदलत नाही. गालावरचा तीळसुद्धा जिथला तिथे. नाहीतर भीती खरी वाटत नाही. ही बाई मला रोज सकाळी गौलीगुड्याच्या बसस्टॉपवर दिसायची. चेहरा दगडात कोरल्यासारखा. मी लांबून तीन दिवस तिची चित्रं काढली, आणि एकदाही तिच्याशी बोलले नाही.

“लाइट घ्या ना,” मी म्हटलं. “कॉमिक आहे ते.”

“गेल्या महिन्यापासून त्यांना कुणी दार उघडत नाही.”

“पण त्या तिसरी बेल वाजवतातच कायकू?”

“पहिल्या दोन बेलांना कुणी उघडलं नाही तर माणूस तिसरी वाजवणारच की!”

मी हातातली नोटीस पुन्हा वाचली. तो खाली बघत हळूच म्हणाला, “मी पण उघडलं नाही. इंजिनिअर आहे मी. दाराच्या भोकातून त्यांना बघत होतो, श्वास रोखून. ग्रुपवर सगळेच म्हणत होते म्हणून.”

एवढं खरं बोलणारा मुलगा मी त्याआधी पाहिला नव्हता. बहुतेक तिथेच काहीतरी झालं माझं.

त्याचं नाव प्रथमेश. एकटा भाडेकरू, म्हणून सोसायटीची सगळी फुटकळ कामं त्याच्या गळ्यात. “आता या नोटिशींचं काय करू?” त्याने विचारलं.

“मागची बाजू कोरी आहे. मला द्या, चित्रांना होतील.”

“मग चित्रं बघायला येऊ?”

“आधी मी तुमच्याकडे येते. उद्या रविवार आहे ना?”

दुसऱ्या दिवशी चिक्कडपल्लीच्या त्या बिल्डिंगच्या पायरीवर मी चतुराबाईंना पहिल्यांदा जवळून पाहिलं. किटली काठोकाठ भरलेली होती. वर चोवीस दारं, चोवीसही बंद. पोपटी साडीच्या पदराने त्या मान पुसत होत्या. प्रथमेशने दोन ग्लास ताक घेतलं, एक मला दिलं. जिरं, आलं, थोडी कोथिंबीर... इतकं चांगलं ताक मी कधी प्यायले नव्हते, आणि बंद दारांकडे बघत मी ते संपवलं.

“सरळ सांगून टाका, की हे मी काढलंय,” तो जिना चढताना म्हणाला.

“सरळ सांगितलेलं कोण ऐकतं? बिघडवलंय पेन्सिलीने, सुधारेन पण पेन्सिलीनेच. बघा तुम्ही.”

मला माझ्या हातावर भारी भरवसा. मी खास अंक काढायला घेतला. त्यात तिसऱ्या बेलची बाई भूत नसतेच. ती घराची राखण करते, तिचं ताक पिणाऱ्याच्या घरात संकट शिरत नाही. मराठी मी फाडफाड बोलते, पण शाळेत शिकले नाही, लिहायला बसले की गोगलगाय. म्हणून चित्रांतल्या माणसांच्या तोंडची वाक्यं प्रथमेश लिहायचा. चिक्कडपल्लीच्या एका टिफिन सेंटरमध्ये रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसायचो. मध्ये डोशाच्या दोन प्लेटा, कडेला कागद, बाहेर पावसाची भुरभुर.

“ही बाई फार सुंदर काढलीस,” एकदा तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

“मी सगळ्यांनाच सुंदर काढते.”

“मला काढलंस कधी?”

“तू हलतोस फार.”

“तू बघतेस, म्हणून हलतो.”

मी मान खाली घातली आणि चटणीत डोसा बुडवत राहिले. चटणी संपली होती.

तीन आठवड्यांनी अंक बाहेर पडला आणि असा पळाला, की विचारू नका! पुढच्या रविवारी मी ऐटीत बिल्डिंगमध्ये गेले. दारं उघडी होती, सगळी. प्रत्येक दारात हळदकुंकवाची ताटं. किटलीला झेंडूचा हार. कुणी मुलाच्या परीक्षेचं विचारतंय, कुणी पाया पडतंय, आणि ताक? ते सगळे तळहातावर चमचाभर घेऊन डोक्याला लावत होते. ग्लासभर कुणीच घेत नव्हतं.

चतुराबाई कशाबशा खाली आल्या आणि पायरीवर बसल्या. हार काढून त्यांनी बाजूला ठेवला.

“ताक विकते मी, तीर्थ न्हाई,” त्या म्हणाल्या. “आधी दार लावून भ्यायची, आता हात जोडून भ्यायलीत. दोन गोष्टी बोलायचं नाव न्हाई कुणाचं. पुढल्या रविवारपासून येत न्हाई मी.”

मी त्यांच्या पायाशी बसले. माझी सगळी ऐट कुठल्या कुठे गेली होती. “मावशी, मीच काढलं ते. भूत पण, देवी पण. तुमचा चेहरा मी उचलला.”

त्यांनी हनुवटीवरच्या गोंदणांवरून बोट फिरवलं. “मग विचारलं का न्हाईस, पोरी? मी चांगलं लुगडं नेसून बसले असते.”

रडूच फुटलं मला. प्रथमेशने रुमाल वगैरे पुढे केला नाही. नुसता शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लागेल इतका. तेच बरं वाटलं.

“एक रविवार अजून या, मावशी,” मी डोळे पुसत म्हटलं. “तुमची दारं मी उघडून देते. माणसांसारखी.”

पुढच्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी नामदेवराव, मोठ्या मिशांचे, खुर्चीत मधोमध. शेजारी त्यांच्या सुशीलाबाई. मी सगळ्यांसमोर उभी राहिले, मूळ चित्रं पसरली आणि सांगितलं, की हे सगळं माझ्या डोक्यातून आलं. पहिल्यांदाच माझं नाव मी मोठ्याने घेतलं.

नामदेवराव मिशीतल्या मिशीत हसले. “कुणी सांगितलं तुला असं बोलायला?”

“कुणी नाही, काका. मीच काढलंय.”

“हौ, हौ. दबाव असतो वरून. आम्हाला कळतं.”

मागून कुणीतरी बोललं, “खरं बाहेर येऊ नये म्हणून असंच करतात सगळीकडं.” माना डोलल्या. चित्रं समोर असून कुणी चित्रांकडे बघेना! मी प्रथमेशकडे पाहिलं. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“मी दाराआड लपलो होतो,” तो म्हणाला. “चतुराबाई बाहेर तीन मिनिटं उभ्या होत्या. माझा आवाज गेला नाही, लाज गेली. यापुढे मी दार उघडणार. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं.”

कुजबुज झाली. आणि मला एकदम सुचलं.

“नामदेवकाका, तुमचं चित्र काढू का? विचारून काढते.”

त्यांनी मिशा सारख्या केल्या आणि ताठ बसले. तीन मिनिटांत मी काढलं – लिफ्टमधलं भूत. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडवायची, आत अडकलेल्याला मागच्या मीटिंगचा अहवाल वाचून दाखवायचा, आणि ऐकणाऱ्याचं वय दहा वर्षांनी वाढवायचं. मिशा लिफ्टच्या फटीतून बाहेर आलेल्या.

सर्वांत आधी सुशीलाबाई हसल्या. “अगं माय! हे भूत तर माझ्या घरात पस्तीस वर्षांपासून आहे!”

अख्खं पार्किंग हसलं. हसू ओसरल्यावर मी कागद वर धरला. “आता हे पान मी माझं नाव उडवून गल्लीतल्या चार ग्रुपवर टाकते. दोन दिवसांनी काकांबरोबर लिफ्टमध्ये कोण चढेल?”

चारजण लिफ्टकडे वळून बघायला लागले. नामदेवरावांचा हात मिशीवरच राहिला. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या चतुराबाईंकडे. उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, एक ग्लास द्या. भरून द्या. आणि... चुकलं आमचं.”

किटली अर्ध्या तासात रिकामी झाली. सुशीलाबाई चतुराबाईंच्या शेजारी पायरीवर बसून गुडघेदुखीवर बोलायला लागल्या, आणि ते बोलणं काही केल्या संपेना.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जिला चोवीस दारं उघडी, ती बाई नुसतं ताक थोडंच वाढते?

त्यानंतरच्या रविवारी मी प्रथमेशकडे निघाले, तर पहिल्याच मजल्यावर सुशीलाबाईंनी अडवलं. “तारीख कवाची धरली गं?” दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू आजींनी माझी हनुवटी धरली, “पेळ्ळी एप्पुडम्मा?” म्हणजे लग्न कधी, हेच. तिसऱ्यावर तर कुणीतरी हातावर पेढाच ठेवला. मी तो खाल्ला. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

प्रथमेश दारात फोन घेऊन उभा होता. कान लाल झाले होते त्याचे.

“ग्रुपवर एकशे बारा मेसेज आलेत. अभिनंदनाचे.” त्याने फोन माझ्यापुढे धरला. “चतुराबाईंनी मजल्यामजल्यावर सांगितलंय, की आपलं... ठरलंय. पुण्याहून आईचा फोन येऊन गेला. हॉल आत्ताच बघायला हवा म्हणे.”

“माझी आई विचारत होती,” मी म्हटलं, “भुतं काढतेस ते लोकांकडून कळलं, आता जावई पण लोकांकडूनच कळायचा का?”

“सॉरी. म्हणजे... मी काही बोललो नव्हतो कुणाला.”

“मला तरी कुठं बोललास?”

त्याने दाराची कडी उगीचच हलवली. जिन्यातून आल्याचा, जिऱ्याचा वास येत होता. खालच्या मजल्यावर चतुराबाई कुणाला तरी खळखळून हसवत होत्या.

“मग आता?” त्याने विचारलं. “परत मीटिंग बोलवायची? तुला सवय आहे. खाली उभी राहून सांग, ही अफवा आहे म्हणून.”

“नक्को.”

“का?”

“खोटी असती तर सांगितलं असतं.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला हसू येत होतं. हा मुलगा मला हवा होता – त्याच्या खरं बोलण्यासकट, हलण्यासकट, त्या बारीक होणाऱ्या डोळ्यांसकट. अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं, आणि आम्ही दोघंच बाकी होतो.

“मग... काय लिहू ग्रुपवर?” त्याने अंगठा फोनवर टेकवला.

“आधी मला विचार,” मी म्हटलं. “मग त्यांना सांग.”

त्याने फोन खिशात टाकला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“त्रिवेणी, लग्न करशील माझ्याशी?”

“हौ,” मी म्हटलं. “आता लिही.”