खाटेखालून 'हं'

मी शपथबिपथ खात नाय. माझ्या नाकाने वास घेतलाय, तेवढं पुरे.

रोह्याला रेल्वे आली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मार्गशीर्षातली अमावस्या. आणि रात्र नाय... भर दुपार.

आम्ही हमरापूरचे, गणपती घडवणारे. बहीण सगुणा रोह्याला दिलेली. तिचा नवरा कमळाकर, आमचे भावोजी, पोरांच्या गोष्टींची पुस्तकं लिहायचे. कोल्हा, ससा, असलं.

त्यांची एक तऱ्हा होती. लिहिलेलं सगळं पोरीला, पुतळीला, मोठ्याने वाचून दाखवायचं. तिने वाक्यागणिक 'हं' म्हणायचं. जिथं 'हं' आला नाय, तो कागद बोळा करून खाटेखाली.

पुतळीला ताप भरला म्हणून सगुणा तिला घेऊन आमच्याकडे आली. पोर बरी झाली, आणि बाबांकडे जायचं म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. सगुणा म्हणाली, दादा, तू आधी जाऊन बघून ये, एकट्या पुरुषाने उकिरडा करून ठेवला असेल.

गेलो एसटीने.

दार उघडंच होतं. आणि वास आला...

हौदात भिजवलेली शाडूची माती महिनाभर सडावी, तिच्यात उंदीर मरावा, तसला. घशाला चिकटणारा.

भावोजी खाटेवर बसून वाचत होते. दाढी वाढलेली, पण खुशीत. "बसा. शेवटचीच गोष्ट राह्यलीय," म्हणाले.

पुतळी नाय, मग वाचताय कुणाला, मी विचारलं. तर म्हणाले, शेजारचं कुठलं तरी पोर येतं, खाटेखाली बसतं. 'हं' बरोबर जागेवर म्हणतं.

"बघितलंत का त्याला?"

"कशाला? लाजून पळालं तर पुस्तक अडेल माझं."

वाचायला लागले. कोल्ह्याने आंबा खाल्ला.

काहीच नाय.

त्यांनी ओळ खोडली. कोल्ह्याने सडका आंबा खाल्ला.

काहीच नाय.

कोल्ह्याने मेलेल्या पिल्लाचे डोळे चाटून चाटून खाल्ले...

"हं."

ओला. घशात बेडका अडकल्यावर येतो तसा.

मी म्हटलं, "भावोजी, हे पोरांना वाचायला देणार तुम्ही?"

"त्याला आवडतं ना," ते म्हणाले.

मी वाकलो. खाटेखाली कोणी नव्हतं...

नुसते कागदाचे बोळे. चावलेले. लाळेने थबथबलेले. एक उचलला, तर बोटाला तार सुटली. बोळा अजून कोमट होता. आणि त्यात रुतलेला दात. दुधाचा. किडका.

मी दारातच भडाभडा ओकलो.

भावोजींना दंडाला धरून बाहेर ओढलं, कुलूप घातलं, पेणच्या गाडीत कोंबलं. पुतळी त्या घरात पाऊल टाकणार नाय, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी हमरापूरला, आमच्या गणपतीच्या कारखान्यात पुतळी बाबांच्या मांडीवर चढली. गोष्ट हवी. भावोजी नको म्हणत होते. सगुणा म्हणाली, "सांगा हो, कधीची वाट बघतेय पोर."

"एक होता कोल्हा. त्याला लागली भूक..."

पुतळीने तोंड उघडलं.

तिच्या आधीच 'हं' आला...

शाडूच्या हौदातून.

पुतळीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाय. बापाला म्हणाली, "तो म्हणतोय ना. मग मी कशाला?"

भावोजींनी पुढे एक ओळ लिहिली नाय. हौद आम्ही बुजवला, वर फरशी घातली. पुतळीची पोरं आता गोष्ट सांग म्हणून तिच्या मागे लागतात. ती नाय सांगत.

मला एकच वाटत राहतं. त्या कोल्ह्याला भूक लागली, तिथंच ती गोष्ट तुटलीय. खाली जे कोण हाय, ते अजून पुढच्या ओळीसाठी खोळंबलंय. उपाशी. भर उन्हाळ्यातसुद्धा ती फरशी चिकट लागते. पुसली तर फडक्याला तार सुटते.

तुम्ही हे वाचताय ना? मनातच वाचा. पोरांना मोठ्याने वाचून दाखवू नका.