तांबडी वायर

"बाई, एक गाडी चालू करून द्यायचीय. ताबडतोब या," फोनवर इन्स्पेक्टर म्हणाला.

ताई मिस्त्रीने पान्यांची पेटी उचलली. सकाळी याच माणसाने तिच्या धाकट्या भावाला दुकानातून फरफटत नेलं होतं. ठेकेदाराच्या खुनाचा आळ. आता बाजारातला दुसरा चांगला मिस्त्री स्वतःच कोठडीत घातल्यावर साहेबांना गाडी चालू करायला उरलं कोण? ताईच.

चौकीच्या आवारात ठेकेदाराची जुनी पांढरी गाडी उभी होती. डिकी उघडी, आत रक्त वाळून काळं पडलेलं. भिंतीपलीकडून फटक्याचा आवाज आला आणि पाठोपाठ भावाची किंकाळी.

"संध्याकाळपर्यंत कबूल होईल," इन्स्पेक्टर म्हणाला. "गाडी रोज दुपारी बंद पडते म्हणून परवा ठेकेदाराने भर रस्त्यात त्याच्या मुस्काटात मारली. तेव्हा हा सगळ्यांसमोर म्हणाला, मुडदा पाडीन."

"म्हणाला होता. आणि काल सकाळी मुकाट्याने गाडी दुरुस्तही करून दिली."

"आणि दुपारी मुडदा पाडला. डिकीत घालून खाणीकडे नेत होता, तर वाटेत गाडी बंद पडली. चार वाजता खाणीच्या राखणदाराने बॉनेटमधून पांढरा धूर येताना लांबून पाहिला. इंजिन जळालं, हा पळाला. काल दुपारी हा दुकानात होता याला साक्षीदार आहे का?"

साक्षीदार नव्हता. ताई स्वतः सामान आणायला गेली होती. त्याबद्दल ती सकाळपासून स्वतःलाच शिव्या घालत होती.

तिने बॉनेट उघडलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. ऑइल स्वच्छ. इंजिन जळाल्याची एक खूण नाही. मग ती इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या पेट्रोलच्या पंपाकडे वाकली आणि थबकली. पंपावर एक फडकं पडलं होतं. त्याचं टोक खालच्या धुराच्या नळीवर लोंबून कोळसा झालं होतं.

ती डिकीपाशी गेली. झाकणाला आतल्या बाजूने रक्ताचे शिंतोडे होते. कोपऱ्यात छोटा नवा पंप, त्याची तांबडी वायर तुटलेली.

"साहेब, प्रेताच्या हातात काही सापडलं?"

"मुठीत तांबड्या वायरचा तुकडा. झटापटीत आला असेल. का?"

"गाडीची किल्ली कुणाकुणाकडे असायची?"

"त्याच्या मेहुण्याकडे आणि पुतण्याकडे. दोघेही बाहेर बसलेत, प्रेत ताब्यात घ्यायला."

"त्यांना दोन प्रश्न विचारू द्या. मग गाडी चालू करते."

इन्स्पेक्टरने कपाळाला आठ्या घातल्या, पण अडला हरी. दोघांना आत बोलावलं.

मेहुणा आला तोच तणतणत. "भावोजींशी माझा छत्तीसचा आकडा होता, लपवत नाही. पण काल सकाळी तुमच्याच दुकानात त्यांच्यासोबत नव्हतो का? डिकीत पंप बसवताना झाकण मीच धरलं होतं!"

पुतण्या शांत होता. उन्हाने जीव नकोसा झालेला, तरी त्याच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

"तू काकांची गाडी चालवायचास?" ताईने विचारलं.

"नेहमी. दुपारी रुसायची, पण मला जमायचं."

"शेवटची कधी चालवलीस?"

"झाले आठ-दहा दिवस. मी दुसऱ्या कामावर होतो. आज निरोप आला तेव्हा आलो."

ताई इन्स्पेक्टरकडे वळली. "साहेब, माझ्या भावाला मारणं थांबवा. खुनी हा आहे."

"काहीतरी बरळू नका, बाई!"

"ऐका. उन्हात जुन्या पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. पंपावर ओलं फडकं टाकलं की थंड होऊन पुन्हा चालू. हा घरच्यांचा उपाय. पण काल सकाळी भावाने नवा, विजेवरचा पंप डिकीत बसवला. जुना नुसता इंजिनाचं भोक झाकायला ठेवलाय, त्यात पेट्रोलचा थेंब येत नाही. मग त्यावर माझा भाऊ फडकं कशाला टाकेल? मेहुण्यांनीही सगळं डोळ्यांनी पाहिलंय. फडकं त्यानेच टाकलं, ज्याला नव्या पंपाचा पत्ताच नव्हता. राखणदाराने पाहिला तो त्या फडक्याचा धूर."

"मग गाडी बंद कशाने पडली?"

ताईने डिकीतल्या तुटक्या वायरीकडे बोट दाखवलं. "ठेकेदाराने पाडली. डिकीत टाकला तेव्हा तो जिवंत होता, साहेब. शुद्धीवर आला. पंप कुठे आहे ते त्याला माहीत होतं. त्याने वायर उपटली. गाडी थांबली. फडकं टाकूनही चालू होईना, म्हणून याने डिकी उघडली असणार. काका हलताना दिसला आणि याने त्याला तिथेच ठेचला. त्याशिवाय झाकणाला आतून रक्त उडेल कसं? तापलेल्या इंजिनात घाईने हात घातला की नळीवर मनगट भाजतं. याला बाह्या वर करायला सांगा."

पुतण्याने बाही वर केली नाही. पेटीतला सर्वांत मोठा पाना उचलून त्याने ताईच्या डोक्याच्या रोखाने हाणला. ती वाकली आणि घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मेहुणा त्याच्यावर तुटून पडला. शिपाई धावले. ओढाताणीत बाही टर्रकन फाटली आणि मनगटावरचा लालभडक फोड उघडा पडला.

"मी बांधलेली भिंत कोसळून दोन मजूर मेले!" जमिनीवर दाबून धरलेला पुतण्या किंचाळत होता. "काका उद्या जबानीत माझं नाव घेणार होता! रक्ताचा काका!"

भावाला बाहेर आणलं. ओठ फाटलेला, उजव्या हाताची तीन बोटं सुजून वाकडी झालेली. इन्स्पेक्टर खाली मान घालून कागद चाळत होता. ताईने एका हाताने भावाला सावरलं आणि सगळं सांगितलं.

"डिकीत जिवंत होता?" भावाने विचारलं.

"होता. त्याने वायर ओढली नसती, तर गाडी थेट खाणीत गेली असती, सगळा पुरावाही गेला असता. तुला कुणी सोडवलं नसतं रे."

भाऊ डिकीतल्या त्या रक्तापाशी गेला.

"ताई, काल दिवसभर मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो ग," तो म्हणाला, आणि डिकीच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडला.