येऊन राहिली

महादेवरावांना भुताची गोष्ट सांगण्याची घाई कधीच नसे. पातूरला लग्नासाठी जमलेली नातवंडे जेवणानंतर गच्चीवर गाद्या टाकून पडली होती. वीज गेली होती आणि केयूरने मोबाइलचा दिवा लावला होता. तो त्यांनी आधी विझवायला लावला.

"माह्या चुलतभावाचा पोरगा गोपाल. अमरावतीले कोचिंगमंदी शिकवते. त्याच्या घरचं सांगून राहिलो. पटलं तं पटलं."

"आबा, बाई पांढऱ्या साडीतलीच ना?" केयूरने विचारले.

"अबे, साडीचा रंग दिसला असता तं काय पाहिजे होतं! फिल्म काळी-पांढरी होती."

मुले हसली. ती हसून झाल्यावर महादेवराव सांगू लागले.

पौष अमावास्येचा रविवार होता, अठरा जानेवारीचा. गोपाल, त्याची पत्नी अदिती आणि पाच वर्षांची मैथिली तुरीच्या ओल्या शेंगा आणायला बार्शीटाकळीजवळच्या शेतावर गेली होती. शेत गोपालच्या आईचे, मैनाबाईंचे; त्याही तिथेच होत्या. शेंगांचे पोते गाडीत टाकेपर्यंत ऊन कलले, आणि गोपालने आपला कॅमेरा काढला.

कॅमेरा चलचित्राचा होता, चावी देऊन चालणारा, आठ मिलिमीटरच्या फिल्मचा. अकोल्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा त्याने तो हौसेने घेतला होता. मोबाइलमधले कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, असे त्याचे म्हणणे. म्हणून ई-रिक्षांची रांग, पाठीवर ओझी घेऊन क्लासला निघालेली मुले, मोमोच्या गाडीपुढे स्वतःचेच फोटो काढणाऱ्या मुली हे सारे तो त्या जुन्या यंत्राने टिपून ठेवी. रीळ महाग, त्यामुळे ते महिनाभर पुरवायचे. भरले की मुंबईच्या एका वृद्ध गृहस्थांकडे धुवायला पाठवायचे. ते महिन्याने परत येई. आपण काय टिपले, हे तोवर कळण्याचा मार्गच नसे.

त्या दिवशी मैथिली रस्त्यावरून कॅमेऱ्याकडे धावत येत होती. मध्येच थांबून तिने मागे पाहिले.

"आई, थे येऊन राहिली."

मागे रस्ता मोकळा होता. अदिती पुण्याची, महाविद्यालयात मराठी शिकवणारी. कोण येत आहे, हे तिने विचारले नाही. तिने वाक्य दुरुस्त केले.

"असं नाही, बाळा. 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्कामालाच राहिली. अजून वाटेत असेल, तर 'ती येते आहे' म्हणावं."

"कावून व, लेकराले दटावून राहिली?" मैनाबाई म्हणाल्या. "आमी साऱ्या जिंदगीत असंच बोललो. कोनाचं काई अडलं नाही."

"शाळेत हसतील तिला, आई."

"हसू दे. दात तं दिसतीन त्याहिचे."

विषय तिथेच संपला.

रीळ धुऊन आले ते पाडव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, अठरा मार्चला. रात्री साडेनऊच्या सुमारास गोपालने दिवे मालवले आणि प्रोजेक्टरने बैठकीच्या भिंतीवर चित्र पाडले. मैथिली आत झोपली होती.

पहिले दृश्य शेताकडच्या रस्त्याचे. मैथिली धावत होती, आणि तिच्या मागे, अगदी दूर, एक बाई उभी होती. पदर तोंडावर ओढलेला.

"मजूर असंन कोनी," गोपाल म्हणाला.

"रस्ता मोकळा होता. मी पाहिला होता."

दुसरे दृश्य अकोल्याच्या बसस्थानकाबाहेरचे. मैथिली उसाचा रस पीत होती. मागच्या गर्दीत तीच बाई, आता थोडी अलीकडे. मोमोच्या गाडीच्या दृश्यात मैथिली नव्हती, तिथे ती बाईही नव्हती. मग अमरावतीची त्यांची स्वतःची गल्ली आली. मैथिलीची सायकल दिसली, आणि विजेच्या खांबाशी ती. तिचे तोंड कॅमेऱ्याकडे नव्हते. ते मैथिलीकडे होते.

शेवटी घराचे फाटक. आतल्या बाजूला मैथिली हात हलवते आहे. बाहेरच्या बाजूने कडीवर एक हात...

रीळ संपले. भिंतीवर नुसता पांढरा उजेड.

"हे फाटकाचं कधी घेतलंस?" अदितीने विचारले.

"रीळ पाठवलं त्या दिवशी."

"म्हणजे महिना झाला."

"हो."

"मग आता... ती कुठे आहे?"

गच्चीवर केयूरने पाय गादीवर ओढून घेतले.

ती कुठे आहे, हे पाहण्याचा एकच उपाय होता. त्या रात्रीच गोपालने नवे रीळ चढवले. स्वयंपाकघर, न्हाणी, पलंग, जिथे मैथिली तिथे कॅमेरा. चार दिवसांत रीळ भरले आणि मुंबईला गेले. त्याचे उत्तर महिन्याने येणार होते, आणि तेही महिन्यापूर्वीचे. पोरीला पुण्याला न्यावे, तर ती बाई रस्त्याच्या मागे नव्हती, पोरीच्या मागे होती. कॅमेरा फोडावा, तर एवढेही दिसायचे बंद.

अदितीने मैनाबाईंना फोन केला. सारे सांगितले.

"कोण आहे ती, आई?"

"मले नाही मालूम, माय... पोरीले एकटी नोको सोडू."

त्यांनी तिला एकटी सोडली नाही. रात्री दोघांच्या मध्ये झोपवली. रोज तिन्हीसांजेला मैथिली दाराकडे पाही आणि शांतपणे सांगे, "आई, ती येते आहे."

वाक्यात आता दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस रीळ आले. पुन्हा तीच भिंत. या वेळी मैथिली आईच्या मांडीवर जागी होती. स्वयंपाकघरात मैथिली. एकटी. न्हाणीच्या दारात मैथिली. एकटी. पलंगावर... एकटी. कोपऱ्यात कोणी नाही. खिडकीत कोणी नाही. रीळ संपेपर्यंत कोणी नाही.

"गेली!" गोपाल ओरडला. "अदिती, गेली ना थे!"

अदितीला रडू फुटले. तिने मुलीला घट्ट धरले. "आता नाही ना गं येत ती?"

"नाही."

"खरंच?"

"ती येऊन राहिली."

गोपाल तिच्याकडे वळला. "म्हणजे... अजून येऊनच राहिली?"

अदितीने मुलीचा चेहरा आपल्याकडे वळवला. आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याने चुकीची भाषा बोललेली असावी अशी तिची इच्छा होती.

"बाळा... 'येते आहे' असं म्हणायचंय ना तुला?"

"नाही, आई." मैथिलीने तिची समजूत घातली. "तू सांगितलंस तसं. आली... आणि राहिली."

महादेवराव थांबले.

"मग?" केयूरने विचारले.

"मंग काय... पोरगी चांगली हाय. जेवते, खेळते. एकटी सोडली तरी भेत नाही आता."

"आणि ती?"

महादेवरावांना मैथिलीच्या शाळेचा फोटो आठवला. निकालाच्या दिवशी शाळेने वर्गाचा फोटो दिला, तो त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिला होता. साधा, रंगीत, शाळेच्या पटांगणातला. साऱ्या मुलांचे हात सरळ खाली. मैथिली रांगेच्या टोकाला, आणि तिचा डावा हात तेवढा वर उचललेला. मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही.

मुठीत एका बोटाएवढी जागा होती.