पोच

दुपारी दोनला मुक्ता दूध पिता पिता झोपली आणि घराने आपणहून आवाज आवरले. दारची घंटी मुकी झाली. येणारे सगळे निरोप घर सांभाळणाऱ्या यंत्राने, 'घरसेवे'ने, स्वतःकडे ठेवून घेतले. ऋजुताचाही बाळाला कुशीत घेऊन तसाच डोळा लागला.

पाचला मुक्ता जागी झाली तेव्हा भिंतीवर अक्षरं उमटली : 'दोन चौदा. नानांची चटई. श्वास अनियमित. तातडीचे.'

नाना म्हणजे तिचे वडील, वाईला एकटे राहायचे. त्यांच्या गादीखालची चटई श्वास मोजायची आणि काही बिनसलं की मुलीच्या घरसेवेला कळवायची. पोच आली नाही तर दोन मिनिटांनी पुन्हा, मग नानांच्या शेजारच्या शकूकाकूंना. पण पोच तत्काळ गेली होती. घरसेवेनेच दिली होती. त्यामुळे भिंतीपलीकडे पापड लाटत बसलेल्या काकूंना कुणी हाक मारली नाही.

ऋजुता वाईला गेली तेव्हा नाना उरले नव्हते.

नियम तिचाच होता. यांत्रिक सेवांनी एकमेकींशी किती भरवशाने बोलावं हे ठरवणाऱ्या समितीत ती होती. पूर्वी एकच निरोप चारचारदा वाजायचा, लेकरू दचकून उठायचं. मग तिने कलम सात लिहिलं : निरोप यंत्राला मिळाला की पोच झाली असे समजावे, पुन्हा पाठवू नये.

नाना निवृत्त पोस्टमन. ऐकून हसले होते. "म्हणजे रजिस्टर पत्र उंबऱ्यावर टाकायचं आणि सही आपणच ठोकायची? साहेबांनी मला घरी बसवलं असतं, ऋजे!"

"नाना, तुमचं आपलं काहीतरीच."

तीन आठवड्यांनी समितीचे अध्यक्ष सोहनी पडद्यावर आले. "यंत्रणेत दोष सापडला नाही, ऋजुताताई. निरोप पोचला होता."

"कुणाला पोचला, सर?"

सोहनींनी समोरचा अहवाल मिटला. मग हळूच म्हणाले, "तुम्हीच सुधारून लिहा."

तिने लिहिलं : पोच माणसानेच द्यावी, न दिल्यास निरोप पुढच्या माणसाकडे जावा. नवा नियम जुन्या निरोपांवर चालवून बघायची पद्धत होती. तिने नानांच्या घरचे निरोप घेतले. दोन चौदाचा लाल झाला : 'पोच नाही. शेजारी कळवा.' तिने पदर डोळ्यांना लावला. एवढं एक वाक्य आधी सुचायला हवं होतं.

त्याच्या वरचा निरोप आदल्या रविवारचा. चटईचा नव्हे, नानांनी स्वतः बोललेला. "ऋजे, हल्ली जरा दम लागतो. घाई नाही गं. सवडीने ये."

तो हिरवा झाला. पोच माणसाने दिलेली होती : 'हो नाना, येते.'

"चालतंय ना कलम?" सोहनींनी पडद्यावरून विचारलं.

"चालतंय, सर." मांडीवरच्या मुक्ताला ती उगीचच थोपटत राहिली. "पण ज्याला कळलं, तोच उठला नाही, तर निरोप पुढे कुणाकडे पाठवायचा?"